अनुस्वार असला तर असो

बेळगाव. बेळगांव. बेळगावी. बेळगाम. बेळगांवी. मधेच एखादं बेलगाव, कुठं नुसतं ‘बेळ’ आणि पुढं टिंब. इंग्रजीतली रूपं आणखी वेगळी. एका पतसंस्थेची सभासदांची यादी माझ्या दुकानात आली, तिच्या पत्त्याच्या रकान्यात आमचं गाव इतक्या रूपांनी नांदत होतं. यादी जुनी, अनेकांच्या हातांनी अनेक वर्षं टाइप झालेली. काहीजण अनुस्वाराच्या काळात शाळा शिकलेले, काहींना ळ कुठल्या कळीवर आहे ते शेवटपर्यंत सापडलेलं नसावं.

चेअरमन काका पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाले, “ताई, कागद वर पाठवायचे आहेत. सगळीकडं बेळगावी करून टाका की. एक बटण दाबलं की होतंय नव्हं?”

होतं. तिथंच तर गोम आहे.

बेळगावातल्या शहापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं, आणि थंडी पडली की आसपासच्या गावांतल्या मराठी साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशी गावोगाव संमेलनं भरवणारा हा मुलूख आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माझं काम छापायचं. खरं तर दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुरात काहीतरी शोधण्यात आणि बदलण्यात जातो.

१ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं इंग्रजीतही कन्नड उच्चाराप्रमाणं लिहायची असं ठरलं. बंगलोरचं बेंगळुरू झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुर, गुलबर्ग्याचं कलबुर्गी, आणि आमचं बेळगावी. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाचा काळा दिवस. त्यामुळं ती तारीख इकडं कुणाला पाठ करावी लागत नाही. त्या वादात मी इथं उतरत नाही. गल्लीत, बसमध्ये, भाजीवालीशी बोलताना माझ्या तोंडी बेळगावच येतं, आणि सरकारी अर्जावर मी निमूट बेळगावी लिहिते. बहुतेक शेजारीपाजारी असंच करतात.

आता ते एक बटण. ‘बेळगाव’ शोधा, ‘बेळगावी’ ठेवा, ‘सर्व बदला’. ‘बेळगावला’चं ‘बेळगावीला’ होतं, ते चालून जातं. ‘बेळगावात’चं मात्र ‘बेळगावीात’ होतं. व ला आधी वेलांटी, तिच्यामागं काना, आणि मधे तो ठिपक्यांचा गोल, जो मात्रेला अक्षर सापडलं नाही की उमटतो. ज्यांच्या ओळीत आधीच बेळगावी होतं त्यांचं ‘बेळगावीी’ होतं, कारण संगणकाच्या लेखी बेळगावीत बेळगाव आख्खं बसलेलं आहे. तीच आज्ञा पुन्हा चालवली तर आणखी एक वेलांटी, पुन्हा चालवली तर आणखी एक. आणि आडनावं! यादीतल्या बेळगावकर मंडळींचे पापणी लवायच्या आत बेळगावीकर होतात. एरवी आडनाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, वर्तमानपत्रात जाहिरात अशी केवढी यातायात. संगणकाला त्याचं काही सोयरसुतक नाही. त्याला गाव कळत नाही, माणूस कळत नाही, त्याला ओळीनं मांडलेली अक्षरं दिसतात.

या धंद्यात माझं एक मत पक्कं झालं आहे. बदलणं हे हमालाचं काम आहे, ते कुठलाही प्रोग्राम करतो. अक्कल सगळी शोधण्यात लागते. काय शोधायचं ते नेमकं सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगायचं तर इथली माणसं कशी लिहितात, कुठं चुकतात, कुठं मुद्दाम वेगळं लिहितात, हे आधी ठाऊक हवं.

सांगण्यासाठी जी खुणांची भाषा असते तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. नाव भारदस्त आहे, वापर मात्र गमतीचा. बेळगा लिहायचं, मग अनुस्वार, अनुस्वारामागं प्रश्नचिन्ह, मग व. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच की अनुस्वार असला तर असो, नसला तर नसो. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण पाट्यांवरून, लेटरहेडवरून आणि लोकांच्या हातांतून ते अजून गेलेले नाहीत. वडगांव, बेळगांव, नांव. त्या सगळ्या पिढीला एका प्रश्नचिन्हानं सामावून घेता येतं. ळ आणि ल दोन्ही चालणार असतील तर चौकटी कंसात दोन्ही ठेवायचे. ‘पुढं कर असेल तर हात लावू नको’ असंही सांगता येतं, ‘पुढं वेलांटी आधीच असेल तर सोडून दे’ हेही. आणि ‘पुढं ात असेल तर तो काना काढून घे’ असं सांगितलं की बेळगावातचं नीट बेळगावीत होतं.

ही खुणांची भाषा मुळात मजकुरासाठी जन्मली नव्हती. स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञानं मेंदूतल्या चेतापेशींच्या जाळ्याचा गणिती विचार करताना ती मांडली, ते काम १९५६ साली छापून आलं. ‘कितीही वेळा आलं तरी चालेल’ असं सांगणारी चांदणी आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी ही पद्धत मजकूर शोधायला कशी वापरावी यावर लेख लिहिला, आणि पुढं युनिक्स या संगणकप्रणालीत मजकूर दुरुस्त करायचा जो पहिलावहिला प्रोग्राम होता, त्या एडमध्ये, ती घातली. एस, तिरपी रेघ, जुना शब्द, तिरपी रेघ, नवा शब्द, तिरपी रेघ, जी. ही ओळ तेव्हापासून आजतागायत जवळपास तशीच टिकली आहे. त्यातला शेवटचा जी म्हणजेच काकांचं बटण. तो नसेल तर प्रत्येक ओळीतला पहिलाच शब्द बदलतो.

याच घराण्यातली एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या राज्यघटनेचा पुरस्कार करणारे ८५ निबंध १७८७-८८ मध्ये एकाच टोपणनावानं लिहिले गेले होते. त्यातले काही नेमके कुणी लिहिले यावर वाद होता. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या ली मॅकमॅहन यांना त्या निबंधांत शब्द शोधून लेखकांची लकब पकडायची होती. पण तो सगळा मजकूर एडला एका वेळी पेलवेना. तेव्हा थॉम्पसन यांनी एडमधला शोधायचा भाग तेवढा वेगळा काढून दिला, तोच ग्रेप. पुढं १९७४ च्या सुमारास मॅकमॅहन यांनी स्वतः सेड हा प्रोग्राम लिहिला, जो अख्खी फाईल एकदम न उचलता ओळीमागून ओळ वाचत बदल करत जातो. म्हणजे या घरात आधी जन्मला तो नुसता शोधणारा, कशालाही हात न लावणारा. मागाहून बदलणारा. माझ्या टेबलावरही क्रम तोच असतो. आधी ग्रेप लावून सापडलेल्या ओळींची यादी काढायची, ती वाचायची, चहा प्यायचा, पुन्हा वाचायची.

त्या वाचनातच अहवालाची फाईल अडकली. यादीबरोबर तीही आली होती. तिच्यात संस्थापकांचा परिचय होता आणि १९४६ च्या बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात ते स्वयंसेवक होते असं वाक्य होतं. ग. त्र्यं. माडखोलकर ज्याचे अध्यक्ष होते आणि ज्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते हे संमेलन. त्या वाक्यात बेळगावी घालायला माझा हात धजेना. फोन केला. काका क्षणभरच थांबले. “ते राहू दे तसंच. तेव्हा बेळगावच होतं की.” मग पत्त्याच्या रकान्यात बेळगावी, आणि नावाच्या रकान्याला व जुन्या मजकुराला हात नाही, असं ठरलं. यादी गेली, विषय संपला.

पण शोधण्याच्या वाटेत मराठीनं स्वतःच घातलेले खड्डे बरेच आहेत, त्यांबद्दल बोललंच पाहिजे.

डोळ्याला सारखं दिसणारं संगणकाला सारखं असतंच असं नाही. बँक घ्या. पतसंस्थांच्या कामात हा शब्द पावलोपावली. कुणी चंद्रबिंदू देऊन ‘बँक’ लिहितं, कुणी आधी अर्धचंद्र आणि मग अनुस्वार देऊन ‘बॅंक’. कागदावर दोन्ही जुळी भावंडं, फाईलमध्ये अनोळखी. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘दुसऱ्या’ तर तीन तऱ्हांनी साठवता येतो. तो अर्धा र थेट ऱ चा असू शकतो, र खाली नुक्ता देऊन केलेला असू शकतो, किंवा साधा र, हलंत आणि त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह असू शकतं. पहिल्या दोन्हींना युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत, एकच मानतं आणि एका रूपात आणून देतं. तिसऱ्याचं आपल्यालाच बघावं लागतं. म्हणून मजकूर हाती आला की पहिलं काम म्हणजे ही सगळी रूपं एका रूपात आणणं. त्याआधी केलेला शोध म्हणजे अर्धाच शोध.

त्याहून मोठा खड्डा सीमेचा आहे. सीमाभागात राहून हे लिहिताना हसू येतं, पण प्रोग्रामरांच्या भाषेत शब्द जिथं संपतो त्या जागेला शब्दाची सीमा असंच म्हणतात, आणि ती आखण्याचं काम प्रोग्राम करतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या नेहमीच्या शोधयंत्राला काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटत नाहीत. त्याच्या हिशेबी काना आला की शब्द संपला. स्मरणिकेच्या एका संपादकांना जागोजाग आलेला ‘व’ खटकत होता, त्याऐवजी ‘आणि’ हवं होतं. सुटा व शोध, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना सीमा आहे असा, एवढंच सांगायचं. पण ‘गाव’मध्ये ग नंतर काना आहे. पायथनच्या मते तिथं सीमा. पुढं व, आणि व नंतर शब्दच संपतो, म्हणजे तिथंही सीमा. सुटा व सापडला! चाचणीच्या फाईलवर चालवून पाहिलं तर गावाचं ‘गाआणि’ झालं, बेळगावाचं ‘बेळगाआणि’, भावाचं ‘भाआणि’. पर्लला, म्हणजे तशाच दुसऱ्या एका भाषेला, ही खोड नाही, मात्रा अक्षराचाच भाग आहे हे तो जाणतो, फक्त फाईल युनिकोडची आहे हे त्याला आधी सांगावं लागतं. १९८७ मध्ये पर्ल लिहिणारे लॅरी वॉल हे भाषाशास्त्र शिकलेले गृहस्थ, हा योगायोग मानायला मी तयार नाही. पायथनमध्येही वेगळं शोधयंत्र आणून बसवता येतं, मी तेच वापरते.

फाईल बदलणं म्हणजे नेमकं काय घडतं, हेही दुकानात येणाऱ्या पोरांना मी हटकून सांगते. फाईल ताणत नाही. तिच्यात अक्षरांचे बाइट एकामागून एक मांडलेले असतात. युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. बेळगावला १८, बेळगावीला २१. ते ३ बाइट मधे घुसवायला जागाच नसते. शहापूरच्या मागावरून उतरलेल्या लुगड्यात मागाहून चार धागे घालता येत नाहीत, नवंच विणावं लागतं, तसं हे. प्रोग्राम शेजारी नवी फाईल लिहितो, आणि पूर्ण झाली की तिलाच जुनीचं नाव देतो. सेड हेच करतो. पर्लला सांगितलं तर तो जुनी फाईलही दुसऱ्या नावानं ठेवून देतो. (बेळगांव अनुस्वारासकट २१ बाइट, बेळगावीही २१. या एका जोडीला तेवढी जागची जागा बदलता येईल. याचा व्यवहारात काडीचा उपयोग नाही, पण मला आवडतं.) जो कुणी वाचायची आणि लिहायची फाईल एकच ठेवतो त्याची मात्र फाईल शून्य बाइटची होते, कारण लिहायला उघडताक्षणी ती रिकामी केली जाते आणि वाचायला काही उरतच नाही.

जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणणं हा या साऱ्याचा कळस. त्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तिथं अक्षरं नसतात, आकार असतात, आणि प्रत्येक आकार इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या खुर्चीवर बसलेला. फॉन्ट काढून घेतला की मराठी कविता इंग्रजी बडबड होते. आमच्याकडं त्याच संगणकावर कन्नडसाठी नुडीही असतं, आणि त्याच खुर्चीवर तिथं भलताच कन्नड आकार बसलेला असतो.

अदलाबदलीची लांबलचक यादी करायची, मोठे तुकडे आधी आणि छोटे नंतर, नाहीतर जोडाक्षराचा अर्धा भाग आधीच कुणीतरी पळवतो. त्यातून पार पडलं तरी मात्रा जागेवर नसतात. ‘निपाणी’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशीच, न च्या आधी साठवलेली. युनिकोडला ती न च्या नंतर हवी. ‘कर्नाटक’चा रफार उलट. तो फॉन्टमध्ये ना लिहून झाल्यावर डोक्यावर ठेवलेला, युनिकोडला त्याचा र न च्या आधी हवा. म्हणजे निपाणीची वेलांटी उजवीकडं उडी मारणार आणि कर्नाटकाचा रफार डावीकडं. त्यासाठी कंस कामाला येतात. कंसात धरलेला तुकडा प्रोग्रामच्या लक्षात राहतो आणि नव्या मजकुरात पहिला, दुसरा असं म्हणून हवा तिथं ठेवता येतो. वेलांटी पहिल्या कंसात, अख्खं जोडाक्षर दुसऱ्यात, आणि लिहिताना दुसरा आधी. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा पानभर निपाणी, निवडणूक, मिरवणूक एकदम सरळ उभी राहतात. या कामातलं ते खरं सुख. मधेच एखादा इंग्रजी शब्द आलेला असला की त्याचंही मराठी करायला प्रोग्राम धावतो आणि भलतंच काहीतरी जन्माला घालतो. ते हातानंच निस्तरावं लागतं.

एका संपादक मंडळानं मला आणखी एक काम सांगितलं होतं. स्मरणिकेत एक कथा होती, आमच्या इकडच्या बोलीतली. ‘काय करालायस’, ‘जातो म्हणाला खरं गेलाच नाही’, अशा वाक्यांची. मंडळातल्या एका सरांचं म्हणणं, प्रमाण करून टाका, ‘खरं’च्या जागी ‘पण’ घाला, बदलायला वेळ कितीसा लागतो. इथलं ‘खरं’ म्हणजे पण हे बरोबर, मात्र त्याच कथेत म्हातारी शेवटी म्हणते, “खरं सांग.” यंत्र तिथं “पण सांग” करणार. मी सरांना ग्रेपची यादी छापून दिली, खरं आलेली प्रत्येक ओळ, आणि म्हटलं खुणा करून द्या, मी बदलते. तो कागद परत आलाच नाही. कथा होती तशी छापली गेली. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

माझ्याकडं कामाला येणारा पोरगा खानापूर तालुक्यातला. घरात मराठी, शाळा सगळी कन्नड. त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका करायची निघाली तेव्हा म्हणाला, “अक्का, आमच्यात निम्म्या पोरांना हे वाचायला येत नाही. मराठीच असू दे, खरं कानडी अक्षरात घालता येतंय का?” येतं, आणि ते इतक्या सहज येतं की पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उडालेच होते. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची एक मांडणी होती, सगळ्या लिप्यांना एकच आराखडा देणारी. युनिकोडनं तोच आराखडा उचलला. त्यामुळं देवनागरी क आणि कन्नड क यांच्या क्रमांकांत जे अंतर आहे तेच ख मध्ये, ग मध्ये आणि ळ मध्येही आहे, बरोबर ८९६. फाईलमधलं प्रत्येक अक्षर उचलायचं, त्याच्या क्रमांकात ८९६ मिळवायचे, आणि अख्खी मराठी पत्रिका कन्नड लिपीत उभी.

जवळजवळ उभी. ‘कॅम्प’ आणि ‘कॉलेज रोड’ या दोन ठिकाणी चौकोन आले, कारण अर्धचंद्राच्या आणि ऑ च्या मात्रेसमोर कन्नड आराखड्यात जागा रिकामी आहे. मग पाट्यांवर कन्नड माणूस काय करतो ते आठवलं. तो ‘क्याम्प’ लिहितो, ‘कालेज’ लिहितो. म्हणजे ८९६ मिळवण्याआधी अर्धचंद्राच्या जागी ‘्या’ आणि ऑ च्या मात्रेच्या जागी काना. पोरानं वाचायला घेतलं तर दुसरीच तऱ्हा. शेवटचं अक्षर तो पूर्ण उच्चारत होता, बेळगावऽ, विवाहऽ, कारण कन्नडात लिहिलं ते म्हटलंच पाहिजे. आणि ‘बे’ लांब, कारण आमचा ए त्यांच्या दीर्घ ए च्या घरात जाऊन बसतो, तर त्यांच्या बेळगावीतला ऱ्हस्व.

दीर्घ ए राहू दे म्हणाला, आपण तसंच म्हणतो की. शेवटच्या अक्षराला मात्र हलंत द्यायचा ठरला. व्यंजन असेल, त्याला मात्रा नसेल आणि पुढं शब्दाची सीमा असेल तर हलंत जोडायचा, असा नियम. सीमा पुन्हा आलीच. आता ‘मित्र’, ‘कृष्ण’ यांसारखे जोडाक्षरी शेवट त्यातून वगळायचे आहेत, ‘करतो’मधल्या र चं काय करायचं ते ठरायचं आहे, आणि सुटा ‘व’ आला तर त्याला हलंत द्यायचा नाही, हा नियम सगळ्यांच्या आधी लावायचा आहे. पत्रिका गुरुवारी हवी आहे.